चुली चार, घर एक

नोएडात माझी पहिली खोली सेक्टरमध्ये नव्हती, गावात होती. आखीव चौक, रुंद रस्ते आणि काचेच्या इमारती म्हणजे नोएडा, असे बाहेरून येणाऱ्याला वाटते. पण या सेक्टरांच्या पोटात अट्टा, हरौला, निठारी, छलेरा, बरौला, ममूरा अशी जुनी गावे अजून नांदतात. अशाच एका गावातल्या अरुंद गल्लीत ते चार मजली घर होते. तळमजल्यावर दोन म्हशी, वर घरच्यांचे मजले, गच्चीवर आम्हा भाडेकरूंच्या खोल्या. मालकीणबाईंना सगळे चाचीजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

एकदा कसल्याशा यादीसाठी एक माणूस आला. घरात किती लोक, असे त्याने विचारले. चाचीजी बोटांवर मोजू लागल्या. जेठजी, जिठानी, त्यांची मुले आणि सुना, धाकटे दीर, मेरठला शिकणारा पुतण्या, बुलंदशहरात बदली झालेला थोरला मुलगा. आकडा बावीसवर गेला तेव्हा त्या माणसाने पेन थांबवले आणि विचारले, "चूल्हा एक है?"

"चूल्हे तो चार हैं," चाचीजी म्हणाल्या, "घर एक है."

त्याने चार कुटुंबे लिहिली आणि मेरठ-बुलंदशहरची दोन माणसे गाळली. त्याच्या फॉर्मप्रमाणे ते बरोबरच होते. आपल्या जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. रक्ताचे नाते असो वा नसो, ताट एका चुलीवरून आले पाहिजे. मोजायला ही व्याख्या सोयीची आहे, आणि कोट्यवधी घरे मोजायची तर अशी सोय लागतेच. अडचण नंतर येते. या चुलींच्या आकड्यावरून आपण 'एकत्र कुटुंब मोडले', 'शहराने नाती तोडली' असे निष्कर्ष काढतो, आणि मोजले काय होते हे विसरतो.

चूल आणि कुटुंब यांतला हा फरक जन्मभर तपासत राहिलेल्या एक विदुषी पुण्यात होऊन गेल्या. इरावती कर्वे आपल्याला बहुतेक 'युगान्त'मुळे माहीत असतात. त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि महाभारतावरच्या लेखिका म्हणून त्यांचे नाव घरोघर गेले. पण त्यांचे रोजचे काम वेगळे होते. माणसे कुठून आली, कुणाशी लग्न करतात, कुणाला काय म्हणून हाक मारतात, घरात कोण राहते आणि घर सोडून कोण जाते, हे त्या गावोगाव फिरून विचारत. १९५३ साली आलेला त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ मी नोएडात आल्यावर वाचला, आणि गल्लीतले जे काही मला नुसते चमत्कारिक वाटत होते त्याला अर्थ आला.

त्यांचे आयुष्यच स्थलांतराने सुरू झाले. १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्यिंज्यान या गावी त्यांचा जन्म झाला. वडील, गणेश हरी करमरकर, तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पुण्याला हुजूरपागेत पाठवले, आणि पुढे ती रँग्लर परांजप्यांच्या घरात त्यांच्या मुलीसारखी वाढली. जन्माचे घर एक, वाढीचे दुसरे आणि लग्नानंतरचे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे, तिसरे. 'घर' या शब्दाकडे त्या इतक्या बारकाईने पाहू शकल्या, त्यामागे हा अनुभव असणार असे मला नेहमी वाटते.

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञानात पदवी घेऊन त्या मुंबई विद्यापीठात गेल्या आणि गोविंद सदाशिव घुर्यांच्या हाताखाली १९२८ साली एम.ए. झाल्या. घुर्ये मूळचे मालवणचे, संस्कृतचे पंडित. मुंबईत समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. गेडिस नगररचनाकार होते. त्यांना घुर्यांचा मुंबई शहरावरचा निबंध आवडला आणि त्यातून घुर्यांची विलायतेची वाट मोकळी झाली. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ पासून त्यांनी तो विभाग सांभाळला. म्हणजे आपल्याकडच्या समाजशास्त्राची एक मोठी शाखा शहर बघण्यातूनच फुटली.

इरावतीबाई पुढे बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला शास्त्राचा आधार देऊ पाहणारे गृहस्थ. कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल वंशानुसार बदलतो का, हा विषय होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. पंचविशीतली परदेशी विद्यार्थिनी आपल्याच गुरूच्या अपेक्षेविरुद्ध आकडे मांडते, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांइतकीच मोठी वाटते. परत आल्यावरही मापे घेणे त्यांनी सोडले नाही, आणि माणसांची अशी शारीरिक मोजमापे आज वाचताना खटकतात. तरी त्या मोजमापांचा उपयोग त्यांनी कुणाला उच्च ठरवण्यासाठी केला नाही. एकाच नावाखाली येणाऱ्या जाती मुळात वेगवेगळ्या समूहांच्या असू शकतात, असा त्यांचा मुद्दा होता. एका जातीच्या फांद्या फुटून पोटजाती झाल्या, हे घुर्यांचे मत त्यांनी खोडून काढायचा प्रयत्न केला. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि १९७० साली निधन होईपर्यंत तिथेच राहिल्या.

नात्यांच्या अभ्यासात त्यांचे मुख्य हत्यार होते शब्द. कुठल्याही भाषेत कोणत्या नातेवाइकाला काय म्हणतात याची यादी केली की त्या समाजात लग्ने कशी होतात, याचा माग लागतो. आपल्याच घरातले उदाहरण घ्या. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्यांना 'मामंजी' म्हणते आणि सासूला 'आत्याबाई'. का? कारण पूर्वी बऱ्याच जातींत मुलगी आत्याच्या घरी देत असत. सासू खरोखरच आत्या असे आणि तिचा नवरा नात्याने मामा. मुलाच्या बाजूने पाहिले तर ते मामाच्या मुलीशी लग्न. प्रथा विरळ झाली, पण शब्दाने तिची आठवण धरून ठेवली. हिंदीत सास वेगळी, बुआ वेगळी; दोघींना एका शब्दात आणायची सोय नाही, कारण ती कधी लागलीच नाही.

अशा शब्दांवरून आणि प्रथांवरून बाईंनी देशाचे चार विभाग पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत नात्यात लग्न नाही. आपले गोत्र, आईचे, वडिलांच्या आईचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे अनेक जाती टाळतात, शिवाय गावातही लग्न नाही. दक्षिणेत उलट, जवळच्या नात्यातले लग्न चांगले मानलेले. महाराष्ट्र त्यांनी मध्य विभागात घातला, म्हणजे दोन्हींच्या सीमेवर. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होत असे, हे मी चाचीजींना सांगितले तेव्हा त्यांनी हातातली परात खाली ठेवली. "मामा की लड़की तो बहन हुई," त्या म्हणाल्या. पुढे बराच वेळ त्या मला समजावत राहिल्या की गावातली प्रत्येक मुलगी गावाची बेटी असते, मग ती कुठल्याही घरची असो.

या 'बेटी' आणि 'बहू'च्या भेदावर इरावतीबाईंनी फार नेमके बोट ठेवले आहे. उत्तरेतल्या स्त्रीला दोन गावे असतात. माहेरी ती उघड्या डोक्याने गल्लीत हिंडते, मोठ्याने हसते. सासरी तिच्या डोक्यावर पदर येतो, वडीलधाऱ्या पुरुषांसमोर तोंड झाकले जाते, आवाज उतरतो. दक्षिणेत सासर बहुधा ओळखीचेच घर असते; तिथल्या सासूने सुनेला लहानपणी मांडीवर घेतलेले असते. उत्तरेत मुलगी अनोळखी माणसांत, अनोळखी गावात जाते. माझ्या गल्लीत हे रोज दिसे. चाचीजींची सून आयटी कंपनीत कामाला होती. सकाळी ती जीन्स घालून मेट्रो गाठी, पण गल्लीच्या तोंडापर्यंत ओढणी डोक्यावर असे. लग्न झालेली मुलगी रक्षाबंधनाला आली की तीच गल्ली तिच्यासाठी निराळी होई.

हा भेद फक्त पदराचा असता तर प्रवासवर्णनात शोभला असता. तो लोकसंख्येपर्यंत पोचतो. १९८३ साली टिम डायसन आणि मिक मूर या दोन अभ्यासकांनी इरावतीबाईंच्या या विभागणीचा आधार घेऊन एक प्रश्न विचारला: दक्षिणेत जननदर कमी, बालमृत्यू कमी, मुलींचे प्रमाण चांगले, आणि उत्तरेत उलट, हे फक्त गरिबीमुळे की नात्यांच्या घडणीमुळे? त्यांचा तर्क असा. जिथे मुलगी लग्नानंतर माहेरापासून तुटते, तिच्या बाजूचे कुणी जवळ नसते, तिच्या हाती मालमत्ता येत नाही, तिथे घरातले तिचे वजन कमी राहते. मुलाला जन्म देणे हीच तिची प्रतिष्ठा ठरते. मूल आजारी पडले तर दवाखान्यात न्यायचा निर्णयही तिचा नसतो. नातेव्यवस्था अशी जन्म-मृत्यूच्या आकड्यांत उतरते.

नोएडा ज्या जिल्ह्यात येते त्या गौतम बुद्ध नगरची २०११ची मोजणी या नजरेने वाचावी. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ८५१. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, कामासाठी एकटे पुरुष येतात, त्यामुळे असे होणारच. अर्धे खरे आहे. पण सहा वर्षांखालच्या मुलांचा आकडा वेगळा काढला तर तो ८४३ होता. पाच वर्षांचा मुलगा नोकरी शोधायला एकटा येत नाही. तिथे स्थलांतराची सबब संपते आणि मुली जन्मालाच का आल्या नाहीत, हा प्रश्न उरतो.

मराठी वाचकाने यावर समाधानाचा सुस्कारा टाकू नये. मामंजी-आत्याबाई म्हणणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण २००१ साली ९१३ होते, ते २०११ साली ८९४ झाले. बीड जिल्ह्यात तर ८०७. सोनोग्राफीचे यंत्र हाती आले, मुले कमी हवीशी झाली, हुंडा वाढला आणि नातेव्यवस्थेने दिलेले थोडेसे संरक्षण उडून गेले. इरावतीबाईंचे विभाग हे नकाशावरचे कायमचे रंग नव्हेत. त्यांनी सुरुवात कुठून झाली ते सांगितले. पुढे काय घडले ते दरवेळी नव्याने तपासावे लागते. त्याच नियमाने उत्तरेचीही दुसरी बाजू सांगायला हवी: उत्तर प्रदेशात एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी १९९२-९३च्या पाहणीत ४.८ होती, ती २०१९-२१च्या पाहणीत २.४ वर आली. चार गोत्रे टाळण्याची रीत तीच, गावाबाहेर लग्न करण्याची रीत तीच, आणि मुलांची संख्या निम्मी.

आपण स्थलांतर म्हटले की डोक्यावर पेटी घेतलेला पुरुष डोळ्यांसमोर आणतो. पण २०११च्या जनगणनेत ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले आणि त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त स्त्रिया होत्या. सर्वांत मोठे कारण लग्न. गावाबाहेर लग्नाचा नियम पाळणाऱ्या मुलखात प्रत्येक विवाहित स्त्री स्थलांतरित असते. चाचीजी स्वतः दादरीच्या पलीकडून आलेल्या. त्यांना स्थलांतरित म्हणायचे कुणाच्या मनात येत नाही. बिहारमधून आलेल्या रिक्षावाल्याला मात्र सगळे 'बाहरवाला' म्हणतात.

शहराचा भाग अजून राहिला. १७ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, न्यू ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'नोएडा' हे नाव आले. नदी, देव, राजा यांपैकी कुणाशीही संबंध नसलेले हे नाव आहे. दिल्लीची वाढ यमुनेपलीकडे नीट आखून वळवावी, हा हेतू. यमुना आणि हिंडनमधली शेती संपादित होत गेली, ८१ गावे या क्षेत्रात आली. आजही इथे महानगरपालिका नाही; कारभार प्राधिकरणाचा. २०११ साली शहराची लोकसंख्या ६,३७,२७२ होती.

शेती गेली तरी गावठाण उरले. अशा ना-गाव-ना-शहर जागांवर आपल्याकडे फार पूर्वी काम झाले आहे. घुर्यांनी पुण्याभोवतीच्या हवेली तालुक्यावर १९६३ साली पुस्तक लिहिले. त्याआधी, १९६० साली, त्यांनी लोणीकंदवर लिहिले होते, ते अशासाठी की पेशवाई गेल्यावर लगेचच, १८१९ साली, थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने लोणीचे तपशीलवार वर्णन करून ठेवले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तेच गाव पुन्हा पाहायचे, ही कल्पनाच सुंदर आहे. इरावतीबाईंनी जयंत रणदिव्यांबरोबर फलटण या वाढत्या गावाचा आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षांत कन्या जाई निंबकरांबरोबर त्या कोयना धरणाने उठवलेल्या लोकांमागे गेल्या. जमीन सरकारने घेतली की कुटुंबाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी नोएडाच्या जन्माआधीच हाती घेतला होता.

चाचीजींच्या घरात याचे उत्तर मी जवळून पाहिले. शेत होते तोवर तीन भाऊ आणि एका वारलेल्या भावाचे कुटुंब एकत्र होते, कारण शेत एकत्र होते. जमीन तोडून वाटणे तोट्याचे. मोबदल्याचा धनादेश मात्र कागदावर सहज चौघांत वाटता येतो. पैसे आले आणि एका वर्षात चुली चार झाल्या. त्याला तिकडे 'न्यारे होना' म्हणतात. इथवर गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पण पुढे उलट झाले. घर वाढवून भाड्याने द्यायचे तर पाया एक, जिना एक, विजेची जोडणी एक. शिवाय अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २१ ऑक्टोबर २०११च्या निकालाने वाढीव मोबदला आणि संपादित जमिनीच्या दहा टक्के इतका विकसित भूखंड देण्याचा आदेश झाल्यावर वकील, कागद, चकरा सगळे पुन्हा एकत्र करावे लागले. संध्याकाळी भाऊ एकाच बाजेवर बसून हिशेब करत. पिकाने बांधलेले घर भाड्याने आणि खटल्याने बांधले गेले.

इरावतीबाईंच्या व्याख्येत एकत्र कुटुंबाच्या खुणा पाच आहेत: एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, समाईक देवकार्य आणि आपसांतले ठरावीक प्रकारचे नाते. चाचीजींच्या घराला लावून पाहा. छप्पर एक. मालमत्ता बरीचशी समाईक. पूजा एकच, दिवाळीनंतरचा गोवर्धन अंगणात सगळ्यांचा मिळून. फक्त चूल वेगळी. पाचांतली एक खूण पुसली आणि यादीत चार कुटुंबे झाली.

मुंबईच्याच परंपरेतल्या आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावाच्या अभ्यासात हेच दाखवले. वेगळी राहणारी घरेही पैसा, मालमत्ता, लग्नकार्ये आणि आजारपण यांच्या धाग्यांनी बांधलेली असतात. तेव्हा कोण कुठे राहते यापेक्षा कोण कुणासाठी जबाबदार आहे, हे पाहावे. अ. म. शाह यांनी १९७३च्या पुस्तकात घर आणि कुटुंब हे दोन शब्द वेगळे ठेवायलाच हवेत, असा आग्रह धरला. पूर्वी सगळेच मोठ्या घरांत राहत आणि आता सगळे फुटले, ही समजूत त्यांनी जुन्या नोंदी उलगडून खोडून काढली. अल्पायुषी समाजात तीन पिढ्या एकत्र जगायला आधी आजोबा जिवंत असावे लागतात. तेवढे आयुष्य मिळणेच पूर्वी अवघड होते.

आता मी सेक्टरमध्ये राहते, चौदाव्या मजल्यावर. आम्ही नवरा-बायको आणि एक मुलगी, कागदोपत्री तीन माणसांचे कुटुंब. देशाची सरासरी २०१९-२१च्या पाहणीत ४.४ होती, आम्ही तिच्याही खाली. पण नाशिकला सासूबाईंच्या औषधांची दर महिन्याची यादी माझ्या फोनमध्ये असते, दिराच्या घराच्या हप्त्यात आमचा वाटा असतो, आणि मुलगी तापली की पहिला फोन माझ्या आईला जातो. कोविडमुळे रखडलेल्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली, मोजणी २०२७ची. प्रगणक येईल तेव्हा मी तीनच सांगणार, कारण त्याचा प्रश्न चुलीचा असेल.

गेल्या वर्षी चाचीजींच्या नणंदेच्या मुलीचे लग्न झाले. पत्रिका आम्हालाही होती. उत्तर प्रदेशात शेतजमिनीच्या वारशाचा स्वतःचा वेगळा क्रम आहे; महसूल संहितेच्या कलम १०८मध्ये विधवा, मुलगे आणि अविवाहित मुलगी आधी येतात, विवाहित मुलगी मागे. मोबदल्याच्या धनादेशात या नणंदबाईंचे नाव नव्हते, आणि त्यांनी ते कधी मागितलेही नाही. लग्नाच्या काही दिवस आधी त्या गूळ घेऊन माहेरी आल्या, भावांना भात न्योतायला. हा भात म्हणजे आपला तांदळाचा नव्हे. भाचीच्या लग्नात मामांनी नेलेला आहेर. चारी चुलींनी आपापला वाटा काढला: कपडे, दागिने, रोख, नणंदेच्या सासरच्या प्रत्येकासाठी काहीतरी. तो आहेर तिच्या हक्काच्या जमिनीची बरोबरी करत नव्हता, हे चाचीजींनी स्वतःच मला सांगितले, आवाज खाली करून. मग लग्नाच्या दारात नणंदबाई पाटावर उभ्या राहिल्या, थोरल्या भावाने त्यांच्या डोक्यावर चुनरी घातली, त्यांच्यामागे बाकीचे रांगेने उभे राहिले, बुलंदशहरचा मुलगा आणि मेरठचा पुतण्याही. मी सवयीने माणसे मोजली. लहान मुले धरून सव्वीस भरली.